मामाजींचा नायलॉनचा ब्रश

ब्रश कसा आहे हे मला हात लावल्यावर कळतं. ही बढाई नाही. आमचं घर त्यावर चालायचं.

आम्ही विणकर. घरात दोन हातमाग होते. एकावर सासरे बसत, एकावर नवरा. मी धोट्यातल्या कांड्यांवर सूत भरायची आणि पाजणीला उभी राहायची. पाजण म्हणजे मागावर चढवण्याआधी ताण्याच्या, म्हणजे उभ्या, सुताला खळ पाजणं. गल्लीत या टोकापासून त्या टोकापर्यंत सूत ताणून बांधायचं, त्याला तांदळाची पातळ खळ लावायची आणि ती कुंच्याने सुतात घासत न्यायची. कुंचा म्हणजे आमचा मोठा ब्रश, गवताच्या मुळ्यांचा. दोघांनी दोन बाजूंनी एका चालीने चालायचं. कुंचा कडक असला तर सूत तुटतं, फार मऊ असला तर खळ वरच राहते. आणि हे सगळं ऊन वर यायच्या आत उरकावं लागतं. ऊन आलं, वारा सुटला, की खळ मध्येच सुकते आणि सुताला सूत चिकटतं. मग माग चालत नाही, फक्त शिव्या चालतात.

नवा कुंचा घ्यायचा असला की सासरे मला पुढे करायचे. "सूनबाईले दाखव," कुंचेवाल्याला म्हणायचे, "तिच्या हाताले समजते." मी लग्न होऊन आले तेव्हा चौथी पास होते आणि दुसरं फारसं काही येत नव्हतं. हे एक येतं असं त्यांनी चारचौघांत म्हटलं, म्हणून मी ते घट्ट धरून बसले.

सासऱ्यांना मी मामाजी म्हणायची. सासू माझ्या लग्नाआधीच गेली होती. मामाजींच्या गळ्यात तुळशीची माळ होती. माळ घातली की मटण-मासे बंद, दारू बंद, खोटं बोलणं बंद. यातलं तिसरं फार थोड्या माळकऱ्यांना जमतं. त्यांना जमायचं. गल्लीच्या टोकाशी मंदिर होतं, तिथे एकादशीला भजन असायचं आणि पहिला आवाज मामाजींचा असायचा.

माझ्या पहिल्याच वर्षी मी शेजारणीला आमचा पाटा मसाला वाटायला दिला. तो मटणाचा मसाला होता. मामाजींना कळलं. ते ओरडले नाहीत. पाटा उचलून नळावर नेला, स्वतः तीनदा घासला आणि दोन दिवस मीठ-भाकरीवर राहिले. तो माणूस असा होता. दुसऱ्याची चूक असली तरी शिक्षा स्वतःला करायचा. हे मला तेव्हाच दिसलं होतं, आणि तरी पुढे मी जे केलं ते केलं.

दर बुधवारी आणि रविवारी सकाळी न्हावी यायचा. मामाजींच्याच वयाचा, उंच, वाकलेला. आमच्या गल्लीतल्या निम्म्या घरांची दाढी तोच करायचा. ओट्यावर धोकटी उघडायचा. पितळेची वाटी, वस्तरा, तुरटी, साबणाची वडी आणि दोन ब्रश. एक पांढरट, एक काळा. मी आतून कांड्या भरता भरता बघायची. बायकांनी त्या सामानाला हात लावायची पद्धत नव्हती, म्हणून लांबूनच.

"बुवा, गाल फुगवा."

"फुगवाले गाल राहिले कुठी गा? तूच घासून घासून नेले."

"मी नाई नेले. सुनेच्या हातचं खाऊन बी तुमी भरत नाई, त्याले मी काय करू?"

मी आत ऐकते आहे हे दोघांनाही माहीत असायचं.

दाढीला पाव तास लागायचा, बोलण्याला पाऊण. कोणाचा माग बंद पडला, कोणाच्या पोरीचं जमलं, कन्हानच्या पुलावर कोण भेटलं. मामाजी आठवडाभर मागावर मान खाली घालून बसत, कोणाशी बोलत नसत. बोलणं होतं ते या दोन सकाळी. हे मी आता लिहिते आहे. तेव्हा मला फक्त ऊन दिसायचं.

कारण बुधवार आणि रविवार हेच गल्लीत आमच्या पाजणीचे वार होते. बाकीच्या दिवशी गल्लीत दुसऱ्यांचे ताणे लागायचे. मी आणि नवरा पहाटे सूत बांधून ठेवायचो. खळ तयार असायची. एका बाजूने नवरा, दुसऱ्या बाजूने मामाजी असा मेळ होता, त्या दोघांची चाल जुळलेली होती. आणि मामाजी ओट्यावर साबण लावून बसलेले.

एका रविवारी खळ लावून झाली आणि न्हाव्याने कुठल्याशा लग्नाची गोष्ट काढली. नवरा म्हणाला, "बाबा, चाला." मामाजी म्हणाले, "आलो गा, आलो." वारा सुटला. मीच कुंचा घेऊन दुसऱ्या बाजूने निघाले, पण नवऱ्याशी माझी चाल जमेना. अर्ध्या ताण्यात गाठी झाल्या. ते सूत नंतर मी आठ दिवस बोटांनी सोडवत बसले. बरंच कापून टाकावं लागलं.

नवऱ्याने बापाला एक शब्द विचारला नाही. मामाजींनी "चुकलं माझं" म्हटलं आणि बुधवारी पुन्हा तेच, न्हावी आला, ओट्यावर साबण. मी मनात ठरवलं की हे बंद करायचं.

शेजारीण नागपुरातच जरीपटक्याच्या बाजारात प्लास्टिकच्या बादल्या घ्यायला चालली होती, मीही गेले. तेव्हा प्लास्टिक नवीन होतं. तिथल्या एका दुकानात कंगवे, आरसे, पाती, दाढीचे ब्रश असं सगळं टांगलेलं होतं. ब्रश दिसला की माझा हात जातोच. मी दोन उचलले. दुकानदार सिंधी होता, हिंदीत बोलायचा.

"बहनजी, मर्द के लिए? ये लो. ये नायलोन का है, नया माल."

"अन् हा?"

"वो पुराना माल है. सुअर के बाल का."

मी हातातला ब्रश खाली ठेवला. शेजारीण तोंडाला पदर लावून हसली. दुकानदाराने तो ब्रश उजेडात धरून मला एकेक केस दाखवला. मुळाशी जाड, टोकाशी दोन-तीन फाटे. "यही पहचान है. सब नाई लोग यही रखते हैं, पानी पकड़ता है ना. इसमें," त्याने नायलॉनचा वर केला, "कोई जानवर नहीं."

नायलॉनचे तीन प्रकार होते. मी तिन्ही हाताच्या मागच्या बाजूवर दाबून पाहिले. एक टोचत होता. एक इतका मऊ की दाबला की पसरायचा आणि पसरलेलाच राहायचा. तिसरा दाबला की वाकत होता आणि सोडला की उभा राहत होता. केस ओढून पाहिले, एकही निघाला नाही. लाल मुठीचा होता. मी तो घेतला. दुकानदार म्हणाला, "बहनजी, आपको तो परख है." मला ते आवडलं.

परत येताना शेजारीण बादल्यांबद्दल बोलत होती. मी न्हाव्याच्या धोकटीतला ब्रश आठवत होते. पांढरट, तसाच, दुकानातल्यासारखा. काळा ब्रशही मला आठवत होता. मामाजींच्या गालावर कोणता फिरतो हेही थोडं डोकं चालवलं असतं तर आठवलं असतं. पण मला पांढरा हवा होता.

घरी आले. मामाजी ओट्यावर सुपारी कातरत बसले होते. मी पदर सावरून दाराशी उभी राहिले.

"मामाजी, एक सांगाचं होतं."

"सांग."

"न्हावी तुमच्या तोंडाले लावते तो ब्रश डुकराच्या केसाचा राहते."

अडकित्ता थांबला. "तुले कोणं सांगतलं?"

"दुकानदारानं दाखवला. टोकाले फाटे राहते. सारे न्हावी तोच वापरते म्हणे."

"याचा बी?"

इथे मला थांबता आलं असतं. "ते मी पाहलं नाही," एवढंच म्हणायचं होतं.

"याचा बी," मी म्हटलं.

त्यांनी हात गालापर्यंत नेला आणि गालाला न लावता खाली आणला. मग म्हणाले, "लग्नाच्या आधीपासून माळ आहे माह्या गळ्यात."

मी ब्रश पुढे केला. "हा घ्या. याच्यात जनावर नाही."

त्यांनी घेतला. "बरं केलं सांगतलं," म्हणाले. नंतर नळावर जाऊन तोंड धुतलं. पुष्कळ वेळ धूत होते.

नवरा मला आत म्हणाला, "काहून सांगतलं वं? बुढ्याच्या डोक्यात आता तेच घुमून राहीन."

"खरं ते सांगतलं."

"खरं का खोटं ते नाई म्हणून राहिलो मी. काहून सांगतलं, ते इचारून राहिलो."

त्याला माहीत होतं काहून ते.

बुधवारी न्हावी आला. मामाजींनी त्याला कारण सांगितलं नाही. खोटं बोलायचं नव्हतं आणि खरं सांगून त्याला दुखवायचं नव्हतं, म्हणून एवढंच म्हणाले, "आता घरीच करतो गा. सूनबाईनं सामान आणलं."

"रुसले का बुवा?"

"नाई गा. हात चालते तवरी आपलं आपण."

न्हाव्याने नायलॉनचा ब्रश हातात घेतला, अंगठ्याने केस पसरले, माझ्यासारखंच हाताच्या मागे दाबून पाहिलं. "चांगला निवडला," म्हणाला. "पण हा पाणी नाई धरत. साबण जास्ती घ्या, पाणी कमी. अन् कढत पाण्यात नका टाकू, वाकडा होईन."

ब्रशबद्दल त्याने मला शिकवावं हे मला सहन झालं नाही. नवा कुंचा आणला की आम्ही तो उकळत्या पाण्यात टाकतो, मुळ्या नरम पडतात. दुसऱ्या सकाळी मी नायलॉनचा ब्रशही तसाच उकळत्या पाण्याच्या गंजात टाकला. काढला तर केस कुरळे झालेले, जळाल्यासारखे. मामाजींना काही कळायच्या आत मी जरीपटक्याला जाऊन तसाच दुसरा आणला. दुकानदार हसला. "बहनजी, ये चावल नहीं है."

न्हावी पुढच्या रविवारीही आला. धोकटी न उघडता ओट्यावर बसला. गप्पा काही जमल्या नाहीत. दोघांच्या हाताला काम नव्हतं, ब्रश नव्हता, साबण नव्हता, नुसतं समोरासमोर बसून काय बोलणार? तो थोड्या वेळाने उठला. पुन्हा आला नाही. गल्लीतल्या बाकी घरी जायचा तेव्हा पलीकडच्या बाजूने जायचा.

त्यानंतरच्या एकादशीला मामाजींनी अंघोळ केली, गळ्यातली माळ काढली आणि देवाच्या कोनाड्यात ठेवली.

"मामाजी, माळ?" मी विचारलं.

"राहू दे तिथंच."

"तुमाले काय माहीत होतं? न कळता झालं ते."

"दोन दिवसाचं असतं तं मीठ-भाकर खाल्ली असती सूनबाई. साऱ्या जन्माचं कसं फेडू?"

त्या दिवशीही ते भजनाला गेले. पण दाराशी, चपला असतात तिथे बसले. पहिला आवाज दुसऱ्या कोणी काढला. त्यांनी टाळसुद्धा हातात घेतले नाहीत, असं नवऱ्याने सांगितलं. पुढे दर वेळी तसंच. लोक विचारायचे, ते म्हणायचे, "आता होत नाही." मला वाटलं, महिना-दोन महिने जातील, मग घालतील माळ. ती कोनाड्यातच राहिली. मी रोज देव पुसताना ती उचलायची आणि परत ठेवायची.

नायलॉनचा ब्रश कसा वापरायचा ते हळूहळू कळलं. न्हावी म्हणाला होता तसंच होतं. हा ब्रश पाणी पीत नाही, ओला केला की सगळं मनगटावरून कोपरापर्यंत गळतं. आधी चेहरा कोमट पाण्याने नीट भिजवून घ्यायचा, ब्रश झटकून जवळजवळ कोरडा करायचा, मग वडीवर बराच वेळ फिरवायचा. पाणी थेंबाथेंबाने घालायचं. घाईने घातलं तर फेस बुडबुड्यांचा होतो आणि गालावर टिकत नाही. झाल्यावर धुवून केस खाली करून टांगायचा, उभा ठेवला तर मुठीत पाणी मुरतं. हे मीच मामाजींना सांगायची. ते मुकाट्याने तसं करायचे. वस्तऱ्याची सवय नव्हती म्हणून पात्याचा रेझर आणला होता. हनुवटीखाली कापायचं. कागदाचे बारके तुकडे चिकटवून मागावर बसायचे.

ऊन यायच्या आत पाजण होऊ लागली. सूत गुळगुळीत निघायचं. मला जे हवं होतं ते मिळालं होतं.

दिवस गेले. घरात हळूहळू माझंच म्हणणं चालायला लागलं. मोठ्या मुलाला माग नको, शाळा, हे मी ठरवलं. धाकटीचं लग्न कुठे करायचं तेही. हातमागाचं काम कमी होत गेलं तेव्हा नवऱ्याने पॉवरलूमवर जावं हे मीच म्हटलं, आणि मामाजींचा हात थरथरायला लागला तेव्हा त्यांचा माग काढून जागा मोकळी करावी हेही मीच म्हटलं. ते म्हणाले, "सूनबाई म्हणते तं तसं करा." एका सकाळी दोन माणसं आली आणि माग सुटा करून घेऊन गेली. मामाजी ओट्यावर बसून बघत होते.

त्याच वर्षी मी सावनेरला बहिणीकडे बारशाला गेले. बसमधून उतरले आणि लिंबाखाली एक खुर्ची, फळीवर आरसा, शेजारी आमचा न्हावी दिसला. त्याची मुलगी सावनेरला दिली होती, तिच्याकडे राहायला आला होता. नजर कमी झाली होती. मी जवळ जाऊन "काका" म्हटलं तेव्हा आवाजावरून ओळखलं.

"सूनबाई का वं? बुवा कसे आहेत?"

"बरे आहेत. हात कापते."

"मग दाढी?"

"हे करून देते, रविवारी."

तो खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. "एक इचारू? बुवानं मले काहून बंद केलं? इतक्या वर्सात मी एकडाव बी त्याईले कापलं नाही."

"मले माहीत नाही" म्हणता आलं असतं. मला तसं आडून बोलता येत नाही. मी म्हटलं, "तुमचा ब्रश डुकराच्या केसाचा होता म्हणून. मीच सांगतलं त्याईले. तवापासून माळ बी काढून ठेवली त्याईनं."

मला वाटलं चिडेल. तो चिडला नाही. वाकून धोकटी चाचपडली आणि दोन्ही ब्रश काढले. "हा पांढरा, हा डुकराचा. साऱ्याईले हाच. अन् हा बुवाचा."

त्याने काळा ब्रश माझ्या हातात दिला. पहिल्यांदाच मी तो हातात घेतला. केस सरळ होते, मुळापासून टोकापर्यंत एकाच जाडीचे, टोकाला एकही फाटा नाही. मूठ सागवानी, आणि केस बांधलेले होते ती गाठ आमच्या कुंच्याची होती. ती गाठ मी झोपेतही ओळखली असती.

"टांग्याच्या घोड्याच्या शेपटीचे आहे," तो म्हणाला. "बुवाच्या गळ्यात माळ पडली तवा तुमच्याच कुंचेवाल्यापासून बांधून घेतला. दुसऱ्या कोणाच्या तोंडाले लावला नाई कधी."

"मग सांगतलं काहून नाही?"

"त्यात काय सांगाचं वं? माळकऱ्याच्या तोंडाले मी तो लावीन का?"

मी ब्रश परत दिला. तो घेईना. "घेऊन जाय. बुवाले दाखव. त्याईच्या हाताले बी समजते."

"तुमच्यापाशी राहू द्या. मी सांगीन."

"हाव, तेही खरं. तुझं म्हणणं बुवा मानते."

ब्रश नेला असता तर सांगावंच लागलं असतं. हे मला तिथे लिंबाखालीच कळलं होतं. म्हणून नेला नाही.

घरी आले. मामाजी ओट्यावर होते.

"कसं झालं बारसं?"

"झालं."

"कोणी भेटलं का आपल्याकडचं?"

"नाई."

उद्या सांगू असं मनात होतं, असं मी लिहू शकते. ते खरं नाही. मी सांगणार नव्हते. नुकताच त्यांचा माग माझ्या शब्दावर घराबाहेर गेला होता. धाकटीचं लग्न माझ्या शब्दावर ठरलं होतं. ब्रशचं मला कळतं, हाताला कळतं, इथून माझा शब्द सुरू झाला होता. तोच खोटा निघाला असता तर बाकीचं कशावर उभं राहिलं असतं? मामाजींनी मला एक वाकडा शब्द विचारला नसता, हे मला माहीत होतं. त्यांनी पुन्हा दोन दिवस मीठ-भाकर खाल्ली असती, न्हाव्याला कारण न सांगता घालवलं म्हणून. मग माळ घातली असती आणि सावनेरच्या बसमध्ये बसले असते. एवढंच झालं असतं. मी ते होऊ दिलं नाही.

एका रविवारी नवरा त्यांची दाढी करत होता. नायलॉनचा ब्रश मीच भिजवून, वडीवर फिरवून दिला होता. अर्ध्या चेहऱ्याला फेस लागला होता. मामाजींनी मला हाक मारली.

"सूनबाई."

"जी."

"तू त्याचा ब्रश हातात घेऊन पाहला होता ना?"

नवऱ्याचा हात थांबला. तो माझ्याकडे बघत होता. मामाजी बघत नव्हते, ते समोर गल्लीत बघत होते. त्यांना संशय नव्हता. म्हातारपणी माणूस कोनाड्यातलं सामान पुन्हा पुन्हा नीट लावतो, तसं ते विचारत होते. की त्यांना माझ्या तोंडून दुसरं काही ऐकायचं होतं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

"हाव," मी म्हटलं. "पाहला होता."

मी पाहिला होता, सावनेरला. पण त्यांनी ते विचारलं नव्हतं.

"मग ठीक आहे," ते म्हणाले.

नवरा म्हणाला, "बाबा, गाल फुगवा." त्यांनी फुगवायचा प्रयत्न केला. हवा राहत नव्हती.

त्यानंतरच्या हिवाळ्यात ते गेले. सकाळी चहा मागितला, मी घेऊन गेले तोवर झालं होतं. भजनाची माणसं आली. त्यातल्या सगळ्यात जुन्या माणसाने गळ्याकडे बघून विचारलं, "माळ?"

मी कोनाड्यातून काढून आणली. "घाला," म्हटलं.

तो नवऱ्याला म्हणाला, "बुवानं आपल्या हातानं काढली होती ना गा? मग आपण कशी घालावी?" नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. एवढ्या माणसांसमोर मी तोंड उघडलं असतं तर माळ त्यांच्यासोबत गेली असती. मी गप्प बसले. मामाजींना माळेशिवाय नेलं.

दहाव्याला नवरा नदीवरून डोकं भादरून आला आणि अंगणात खाटेवर बसला. मी पाणी दिलं आणि तिथेच उभ्याने सगळं सांगितलं. जरीपटका, सावनेर, काळा ब्रश, सगळं. त्याने पाणी पिऊन गडवा खाली ठेवला.

"हे मले काहून सांगून राहिली?" तो म्हणाला. "ज्याले सांगाचं होतं तो इतके दिवस ओट्यावर बसून होता. आता सावनेरले जाय अन् त्या बुढ्याले सांग. मले नको सांगू."

तेरवी झाल्यावर मी गेले. लिंबाखाली खुर्ची नव्हती. विचारत विचारत त्याच्या मुलीच्या घरी पोचले. तो अंगणात बाजेवर बसला होता. आता त्याला काही दिसत नव्हतं. मी मामाजी गेल्याचं सांगितलं. त्याने हात जोडले.

"माळ घालून गेले ना?" त्याने विचारलं.

"नाई."

"मग तू सांगतलं नाही."

"नाई सांगतलं."

बाजेखाली धोकटी होती, गुंडाळून बांधलेली. मग आत तोंड करून मुलीला म्हणाला, "पोरी, सूनबाईले चहा ठेव. नागपूरवरून आली आहे."

मी चहा प्याले. त्याने ब्रशचं काढलं नाही आणि मीही मागितला नाही. दुपारच्या बसने परत आले.